वैनगंगेवरची बटाट्यांची पेटी

धुळे जिल्ह्यातला एक माणूस पंधरा वर्षं नौदलात होता असं कुणी सांगितलं, तर तुम्ही त्याला पहिला प्रश्न कोणता विचाराल? खरं सांगा. 'तोफ चालवली का?' हाच ना? आणि तो म्हणाला की नाही हो, मी स्वयंपाकी होतो, दोनशे साठ माणसांच्या पोळ्या लाटायचो, तर तुमचा चेहरा पडेल. 'अच्छा अच्छा' म्हणाल आणि कापसाच्या भावाकडे वळाल. एवढं वाईट वाटून घेऊ नका. दोंडाईचाच्या बसस्टँडवर बसणाऱ्या मंडळींनी तीस वर्षं हेच केलं. त्यांचा म्होरक्या मोतीलाल. हिलालनाना समोरून जाताना दिसले की तो चहाचा ग्लास खाली ठेवून हाक मारणारच, "काय नाना, तठे तोफा चालाड्यात का पोया लाट्यात?"

"पोया," नाना न थांबता म्हणायचे. "तुले नही भेटन्यात त्या."

हिलाल भदाणे एकोणऐंशी साली भरती झाले. नौदलात जायचं म्हणून गेले नव्हते. धुळ्याला भरतीची रांग लागली होती, ते त्या रांगेत उभे राहिले, आणि ती रांग नौदलाची निघाली. पांझरेत गुडघाभर पाणी पाहिलेला पोरगा. त्याला मिळालं 'वैनगंगा' नावाचं लढाऊ जहाज, विलायती आराखड्यावरचं, आपल्या देशात बांधलेलं. पंधरा वर्षांतली अकरा त्यांनी त्याच एका जहाजाच्या स्वयंपाकघरात काढली. पुढे जहाज भंगारात गेलं. नाना चौऱ्याण्णव साली दोंडाईचाला परत आले, एका शाळेच्या वसतिगृहात स्वयंपाकाचं काम धरलं आणि तेही संपवून घरी बसले.

घरी बसलेल्या बापाचं काय करायचं, हा प्रश्न पुण्यात नर्स असलेल्या त्यांच्या लेकीला, दिपमालाला पडला. तिने कुठून कुठून शोधून एक खोका मागवला. त्याच आराखड्यावरच्या विलायती जहाजाचं मॉडेल, रेझिनमध्ये ओतलेलं, सुटे भाग जोडून उभं करायचं. खऱ्या जहाजाच्या साडेतीनशेव्या हिश्श्याचं, म्हणजे फूटभर लांब. पाण्याच्या वर दिसतं तेवढंच जहाज, खालून सपाट. सोबत बोटाच्या पेराएवढ्या तोफा, केसासारखे कठडे कोरलेला पितळी पत्रा आणि सूचनांचा इंग्रजी कागद.

जहाजाचं धड बाहेर काढलं तर ते सावद्याच्या केळ्यासारखं वाकडं.

कागदावर लिहिलं होतं, गरम पाण्यात बुडवा आणि हळूच सरळ करा. नानांना इंग्रजी वाचता येतं. पण महिना मेचा. खान्देशातला माणूस मे महिन्यात मुद्दाम पाणी तापवील का? आमच्याकडे मिरची, शेवया, गहू, गाद्या, सगळ्यावर एकच इलाज, पत्र्यावर नेऊन टाका. नानांनी धड पत्र्यावर नेलं, दोन विटांवर दोन टोकं टेकवली, मधल्या फुगवट्यावर एक चपटा दगड ठेवला आणि जेवायला बसले.

तासाभराने नानांच्या पत्नी कोकिळाबाई बिबडे उलटवायला वर गेल्या. बिबडे म्हणजे आमचे ज्वारीचे पापड. वरून त्यांची हाक आली, "अहो, तुम्हनं जहाज बुडनं!"

नाना धावले. फुगवटा तर बसलाच होता, पण तिथेच थांबला नव्हता. धड विटांच्या मधे झोळीसारखं लोंबत होतं. दगडाखालचा भाग पत्र्याला टेकला होता.

"आता?" नाना म्हणाले. त्यांचा आवाज ऐकून कोकिळाबाईंनी पुढची थट्टा गिळली.

"आता काय? कागदवर काय लिखेल शे ते वाचा."

कुरडयांच्या चिकाचं मोठं पातेलं चुलीवर चढलं. धड पाण्यात बुडवलं, मऊ झाल्यावर ओट्याच्या गुळगुळीत फरशीवर ठेवलं आणि वरून ओल्या फडक्यात गुंडाळलेला पाटा. दोन दिवस त्या घरात चटणी वाटली गेली नाही. तिसऱ्या दिवशी पाटा उचलला तेव्हा वैनगंगा सरळ झाली होती. कोकिळाबाईंनी बोटाने खालून चाचपली आणि म्हणाल्या, "पोळपाटनागत शे."

पुढे वर्षभर काम चाललं. सकाळी ऊन चढायच्या आत ओट्यावर. रेझिनची पूड छातीत गेली तर वाईट, म्हणून सगळं घासकाम बादलीतल्या पाण्यात, पॉलिश पेपरने, नाकाला करोनातला मास्क बांधून. पितळी कठडे चिमट्याने वाकवायचे, सुईच्या टोकावर सुपरग्लूचा थेंब घ्यायचा आणि श्वास रोखून लावायचा. बत्तीस पोळ्या एका हाताने उलटणाऱ्या माणसाची बोटं ती. पहिल्या महिन्यात नानांनी कठड्याचे तीन तुकडे वाकडे केले आणि एक तर अंगठ्यालाच चिकटवून घेतला. मग हात बसला.

रंगाचं काम नवलकडे. नवल स्टेशन रोडवर गाड्या रंगवतो. नानांनी त्याला राखाडी मागितला.

"कोणता राखाडी, नाना? सिमेंटना का कबुतरना?"

"कबुतराचा."

नवलने पत्र्याच्या तुकड्यावर फवारा मारून दाखवला. नाना बराच वेळ पाहत राहिले. "कबुतर पावसात भिजलेलं पाहिजे."

"मंग असं सांगा ना!" नवल म्हणाला आणि त्याने डब्यात काळ्याचे दोन थेंब आणि निळ्याचा एक टाकला. तो रंग पाहिल्यावर नानांनी नवलचं मनगट धरलं. नवलने दुसऱ्या हाताने फवारा बंद केला.

आता मुद्द्याची गोष्ट. त्या सूचनांच्या कागदावर एकशे चाळीस भाग होते आणि प्रत्येकाला नंबर होता. पुढच्या तोफेला नंबर, रडारला नंबर, नांगराला, शिडीला, अगदी झेंड्याच्या काठीलाही. धुराड्याच्या मागे, उजव्या अंगाला, जिथे नानांची अकरा वर्षं गेली, तिथे कोरी जमीन.

तिथे बटाट्यांची पेटी होती. माणसाच्या कमरेइतकी उंच, दोन मीटर लांब, वारा खेळावा म्हणून चारी बाजूंनी पट्ट्यापट्ट्यांची, वर हिरवं झाकण. जहाजाच्या पोटात बटाटे सडतात म्हणून ते उघड्यावर ठेवायचे. स्वयंपाकघरात उकाडा असा की कढईपेक्षा माणूस आधी शिजावा. संध्याकाळची सोलणी करायला नाना पेटीपाशी यायचे, तेवढीच हवा. गावाकडची पत्रं त्यांनी त्या झाकणावर बसून वाचली. दिपमाला झाल्याची तारही तिथेच वाचली.

आणि ते वादळ. ब्याऐंशी साल असेल किंवा त्र्याऐंशी. चार दिवस जहाज असं लोळत होतं की कणीक मळायला परात जागेवर राहीना. एका हंड्यात उकडता येत होतं, तेवढंच. नाना दिवसातून दोनदा कमरेला दोर बांधून बाहेर जायचे, झाकण उघडायचे, पोतं भरायचे आणि परत यायचे. दुसऱ्या दिवशी लाट आली, झाकण अंगठ्यावर आदळलं. नख गेलं, ते नीट असं कधी उगवलंच नाही. चार दिवस दोनशे साठ माणसं उकडलेला बटाटा आणि मीठ खाऊन उभी राहिली, तोफवाले धरून. नंतर कुणाकुणाला शाबासकीची पत्रं मिळाली. स्वयंपाकघरातल्या कुणालाही नाही, आणि कुणी मागितलंही नाही.

नानांनी पेटी बनवली. कठडे कापून उरलेल्या पितळी पत्र्याच्या चौकटीतून केसाएवढ्या पट्ट्या कापल्या, बासमतीच्या दाण्याएवढी पेटी उभी केली. तिला सतरा दिवस लागले. सगळ्या तोफांना मिळून लागले होते अकरा. झाकणाचा हिरवा रंग त्यांनी तीनदा खरवडून काढला आणि चौथ्यांदा ठेवला.

ऑगस्टात जळगावला मॉडेलवाल्यांचं प्रदर्शन होतं. दिपमालानेच नाव नोंदवलं. केळीच्या खोक्यात कापूस भरून, वैनगंगा मांडीवर घेऊन नाना पॅसेंजरने निघाले. समोरच्या बाईने विचारलं, "केक आहे का हो?"

"जहाज आहे."

"कुठे चाललं?"

"जळगावला."

"तिथे समुद्र कधी आला?" ती म्हणाली आणि सगळा बाक हसला. नानाही हसले. त्यांना त्या दिवशी सगळंच गोड लागत होतं.

प्रदर्शन भरवणाऱ्यांचा प्रमुख जितेंद्र. तरुण इंजिनिअर, जहाजांचा वेडा, समुद्रावर न जाता सगळी जहाजं पाठ असलेला. त्याने भिंग लावून वैनगंगा अर्धा तास पाहिली. कठडे पाहिले, रंग पाहिला, मागे वळून सोबत्यांना म्हणाला, "हा रंग बघा, हा खरा रंग आहे." मग भिंग धुराड्याच्या मागे थांबलं.

"नाना, हे काय आहे?"

"बटाट्याची पेटी."

मागे कुणीतरी फिसकन हसलं.

"ड्रॉइंगमध्ये नाहीये ही."

"ड्रॉइंग काढणाऱ्याने आमच्या जहाजावर जेवण केलं नसेल."

"नाना, मी तुम्हाला खोटं म्हणत नाही," जितेंद्र मनापासून म्हणाला. "पण आमचा नियम आहे. मूळ आराखड्यापेक्षा वेगळं काही लावलं तर फोटो किंवा नकाशा पाहिजे. नाहीतर उद्या कुणी म्हणेल, माझ्या आजोबांच्या जहाजावर मोर होता."

"मोर नव्हता. कोंबड्या होत्या, तीन दिवस. त्या मी लावल्या नाहीत."

जितेंद्र हसला, पण नियम नियमच राहिला. पहिला नंबर वैनगंगेचाच होता. तो मिळालेलं मॉडेल धुळ्याच्या एका सभागृहात काचेच्या कपाटात कायमचं ठेवलं जाणार होतं, खाली जहाजाच्या आणि बनवणाऱ्याच्या नावाची पाटी. अट एकच. "तेवढी पेटी काढा, नाना. बाकी सगळं सोनं आहे."

पुरावा! हा शब्द ऐकला की डोकं फिरतं. पुरावा असतो कुणाकडे? ज्याच्या हातात कॅमेरा असतो त्याच्याकडे. सरकारी फोटोग्राफर जहाजाचं नाक टिपायचा, तोफ टिपायचा, साहेबांचं हस्तांदोलन टिपायचा. बटाट्याच्या पेटीचा फोटो कोण काढील? नानांकडे नौदलातला एकच फोटो आहे, पांढऱ्या गणवेशात, मुंबईच्या स्टुडिओत काढलेला. मागे समुद्र आहे, पण पडद्यावर रंगवलेला.

तरी नाना इरेला पेटले. त्यांनी जुन्या सोबत्यांचे नंबर शोधले. कुणी वारले होते, कुणाचे नंबर बंद होते. मग आठवला धनसिंग. वैनगंगेच्या इंजिनखोलीत होता, सातपुड्याच्या पायथ्याचा पावरा आदिवासी गडी. नानांच्या हातची शेवटची पोळी हक्काने मागून खाणारा. शिरपूरच्या पुढे दोन गाड्या बदलून आणि तीन किलोमीटर चालून नाना त्याच्या गावी पोचले. धनसिंग अंगणात मक्याची कणसं सोलत होता. त्याने मान वर केली, ओळखलं आणि पहिलं वाक्य टाकलं, "आज काय रांध्यं, भो?"

दोघांची बोली म्हणजे अहिराणी, पावरी आणि जहाजावरची हिंदी यांचं कालवण. पाणी झालं, चहा झाला, रडूनही झालं. मग नानांनी विचारलं, "धनसिंग, धुराड्यामागची पेटी आठवते का?"

"हिरव्या झाकणाची? तिच्यावर बसूनच तर बठ्ठ्या, सगळ्या बिड्या ओढल्या!"

नानांना वाटलं, जिंकलो. "उजव्या अंगाला, हो ना?"

"डाव्या."

"उजव्या रे."

"डाव्या. रोज सूर्य माझ्या तोंडासमोर बुडायचा."

"जहाज काय खुंट्याला बांधलं होतं? ते वळायचं ना!"

धनसिंग खो खो हसला. मग डोळे पुसत म्हणाला, "मग तू कशावरून उजव्या म्हणतो?"

"मला काय विचारतो? अकरा वर्षं गेलो मी तिच्यापर्यंत. हे बघ." नाना उठले. अंगणात उभे राहिले, डोळे मिटले. "हे स्वयंपाकघराचं दार. बाहेर पडलो. वळलो. एक, दोन, तीन, चार पावलं. हा हात झाकणावर." हात पुढे केला. हवेत, मक्याच्या ढिगावर.

आणि ते तसेच थांबले.

स्वयंपाकघराला दारं दोन होती. एक उजवीकडे उघडायचं, एक डावीकडे. वारा ज्या अंगाला असेल ते बंद ठेवायचे आणि दुसऱ्याने बाहेर पडायचे. पावलं चार होती, हात झाकणावर पडायचा, हे अंगात भिनलेलं होतं. पण दार कोणतं? नानांनी पुन्हा डोळे मिटले. एकदा हे दार लागलं, एकदा ते. पेटी दोन्हीकडे होती आणि कुठेच नव्हती.

"बस खाली," धनसिंग हळूच म्हणाला. "व्हती ना पेटी? व्हती. बस."

घरी आल्यावर कोकिळाबाईंनीही तेच सांगितलं. "पेटी व्हती, हाई तो सांगस ना? मंग तेवढंच सांगा त्या पोऱ्याले. डाव्या-उजव्यानं त्याले काय करनं शे?"

खरं होतं. धनसिंगचं नाव, गाव, जहाजावरचा हुद्दा, सगळं होतं. एवढं सांगितलं असतं तर जितेंद्र बहुधा मानला असता, मानायची त्याची इच्छाच होती. नानांनी एक दिवस विचार केला. त्या दिवशी नानांच्या हातची भाजी खारट झाली. घरात असं कधी होत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी फोन लावला. "जितेंद्रभाऊ, साक्षीदार सापडला. पेटी होती म्हणतो, झाकण हिरवंच म्हणतो. पण डाव्या अंगाला म्हणतो. आणि आता माझीही खात्री राहिली नाही."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"नाना, हे शेवटचं तुम्ही सांगितलं नसतं तरी..."

"माहीत आहे."

"आता मी कमिटीला काय सांगू? साक्षीदार दोन आणि बाजूही दोन." जितेंद्रने सुस्कारा सोडला. "असं करतो. कपाट नौदल दिनाला भरायचं आहे, चार डिसेंबरला. तोवर मी ते रिकामं ठेवतो. काही सापडलं तर तुमचं जहाज लागेल, पेटीसकट. नाहीतर पेटी काढून द्या, पाटीवर नाव तुमचंच राहील."

"काढून देणार नाही," नाना म्हणाले. "बाजू चुकली असेल माझी. पेटी खोटी नाही."

"मग दुसऱ्या नंबरचं लावावं लागेल, नाना."

"लावा."

हे बोलताना आवाज चढला नव्हता. फोन ठेवला आणि ते ओट्यापाशी जाऊन चिमट्याने कठड्याचा सुटलेला एक खांब बसवू लागले. कोकिळाबाई पाहत होत्या. त्यांच्या लक्षात आलं की खांब आधीच बसलेला आहे.

आज वैनगंगा दोंडाईचात टीव्हीशेजारी उभी आहे, पारदर्शक डब्याखाली. पेटी उजव्या अंगाला आहे, अजून. नाना तिला हलवत नाहीत. डावीकडे चिकटवून मोकळं होता आलं असतं, धनसिंग तर मित्रच. पण अंदाजाने चिकटवलेली पेटी त्यांना नको आहे. वादळात ज्या झाकणाला धरून ते उभे राहिले, ते नेमकं कुठे होतं, हे त्यांना कळायला हवं आहे.

म्हणून तुम्हाला एक मागणं आहे. वर्षातून एकदा नौदलवाले घरच्या माणसांना जहाज दाखवायला नेत. एकोणऐंशी ते चौऱ्याण्णवच्या दरम्यान तुमचे वडील, काका, मामा वैनगंगेवर असतील तर घरातला जुना अल्बम काढा. तोफेपुढे उभ्या असलेल्या माणसांचे चेहरे नका पाहू, त्यांच्या मागे पाहा, फोटोच्या कडेला पाहा. कुणाच्या खांद्याआड पट्ट्यापट्ट्यांची एखादी पेटी किंवा हिरव्या झाकणाचा कोपरा दिसला, तर त्या फोटोची प्रत हिलाल भदाणे, स्टेशन रोड, दोंडाईचा या पत्त्यावर चार डिसेंबरच्या आत पाठवा. पेटी डाव्या अंगाला निघाली तरी पाठवा.